बॅकअपची डिस्क अचानक फुगली? आधी आवक-जावक तपासा

सकाळी इशाऱ्याचा मेल येतो: बॅकअपची डिस्क ९२ टक्के भरली. काल रात्री झोपताना ७२ होती. लिनक्स सर्व्हरवरच्या तुमच्या साइटवर नवीन काही चढवलेलं नाही, कुणी तक्रार केलेली नाही, आणि २०० जीबीच्या डिस्कवरची ४० जीबी जागा एका रात्रीत गेलेली असते.

अशा वेळी हात पहिल्यांदा जातो तो जुने बॅकअप उडवण्याकडे. तो आवरा. एक तर हार्ड लिंकवर (डिस्कवरच्या एकाच फाइलीला अनेक नावं देण्याच्या सोयीवर) चालणाऱ्या बॅकअपमध्ये जुनी दहा फोल्डरं उडवूनही जेमतेम सहा-सात जीबी सुटतात. दुसरं, साइटमध्ये कुणी घुसलं असेल तर शेवटची स्वच्छ प्रत त्याच जुन्या फोल्डरांत असते. आणि तिसरं म्हणजे नेमकं काय बदललं हे कळायला तुलनेसाठी जुनी प्रतच लागते. आज रात्री डिस्क पूर्ण भरेल अशी भीती असेल तर क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीतली) बॅकअपची ओळ तात्पुरती बंद करा, डेटाबेसचा एक डंप (सगळा डेटा एका फाइलीत उतरवलेली प्रत) हाताने काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवा आणि मग शांतपणे शोधायला बसा. एक रात्र बॅकअप चुकला तर चालतो. चुकीचा बॅकअप उडवलेला चालत नाही.

शोधताना डोक्यात दुकानाच्या वहीसारखे दोनच रकाने ठेवायचे, आवक आणि जावक. डिस्क भरते ती एकतर रोज येणारा माल वाढल्यामुळे, नाहीतर जुना माल बाहेर जायचा थांबल्यामुळे. यापैकी काय झालं हे ठरवल्याशिवाय कुठल्याही फाइलवर संशय घेऊ नका.

(खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच छोट्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.)

आकडा खरा आहे का?

सुरुवात या दोन कमांडने:

डीएफ -एच /बॅकअप
डीयू -एसएचएक्स /बॅकअप

डीएफ थेट फाइल सिस्टिमला विचारतं की किती जागा वापरात आहे. डीयू एकेक फाइल फिरून बेरीज करतं. दोघांचे आकडे जवळपास जुळले तर पुढच्या भागाकडे जा. मोठा फरक पडला तर आधी तो सोडवा.

डीएफ जास्त दाखवत असेल तर पहिला संशय उडवलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलवर. लिनक्समध्ये एखादी फाइल प्रोग्रॅमने उघडून ठेवली असेल आणि तुम्ही ती आरएमने उडवली, तर नाव जातं पण जागा सुटत नाही. प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत ती तशीच अडकून राहते. ‘एलएसओएफ +एल१’ (यातला एल मोठा) अशा फाइल आणि त्या धरून बसलेले प्रोग्रॅम दाखवतो. अडकलेला बॅकअप प्रोसेस किंवा लॉग लिहिणारी सर्व्हिस सापडेल. ती रीस्टार्ट केली की जागा लगेच परत येते.

दुसरी गोष्ट ईएक्सटी४ फाइल सिस्टिमची. ती मुळातच ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी (सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवते. १ टीबीच्या डिस्कवर हे ५० जीबी होतात. म्हणून वापरलेली आणि शिल्लक यांची बेरीज एकूण जागेशी जुळत नाही. निव्वळ बॅकअपच्या डिस्कवर इतकी राखीव जागा लागत नाही. ‘ट्यून२एफएस -एम १’ करून ती १ टक्क्यावर आणता येते. यातून डिस्क का फुगली ते कळणार नाही, पण श्वास घ्यायला जागा मिळते.

जागा शिल्लक दिसतेय आणि तरी ‘जागा नाही’ अशी चूक येतेय? मग ‘डीएफ -आय’. संपलेत ते आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीची जागा. लाखो बारक्या फाइल असल्या की असं होतं आणि त्या बहुतेक वेळा पीएचपीच्या सेशन फाइल किंवा साइटच्या कॅश फाइल निघतात.

आता एक फसवा प्रकार, जो मी स्वतः अनुभवलाय. बॅकअपची वेगळी डिस्क सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर माउंटच झाली नव्हती, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली गेली नव्हती. /बॅकअप हे फोल्डर मात्र जागेवर होतं, रिकामं. स्क्रिप्टला काय त्याचं, तिने इमानदारीने तीन रात्री सगळा बॅकअप मुख्य डिस्कवर ओतला. नंतर कुणीतरी डिस्क माउंट केली, आणि ते तीन रात्रींचं ओझं माउंटखाली झाकलं गेलं. मुख्य डिस्क भरलेली, आणि डीयूला काहीच सापडेना. अशा वेळी मुख्य फाइल सिस्टिम दुसऱ्या जागी बाइंड करून (तिथेही जोडून) बघायची:

माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ
डीयू -एसएच /एमएनटी/मूळ/बॅकअप

माउंटखाली लपलेलं सगळं इथे उघडं पडतं. आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत ‘माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप’ ही तपासणी असते. डिस्क माउंट नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

कुठल्या रात्री फुगली?

आकडा खरा निघाला की पुढचा प्रश्न तारखेचा. फाइलींच्या प्रती करणाऱ्या आरसिंकच्या --लिंक-डेस्ट पर्यायाने रोज एक तारखेचं फोल्डर बनत असेल, तर न बदललेल्या फाइल आदल्या रात्रीच्या फाइलींना हार्ड लिंकने जोडलेल्या असतात. प्रत्येक फोल्डर पूर्ण साइटसारखं दिसतं, जागा मात्र फक्त बदललेल्या फाइलींची जाते.

इथे डीयू वापरताना बरेच जण चकतात. एकेका फोल्डरवर वेगवेगळं डीयू चालवलं तर प्रत्येक जण ‘४१ जीबी’ म्हणतो आणि काहीच उलगडत नाही. सगळी फोल्डरं एकाच कमांडमध्ये द्यायची:

डीयू -एसएच /बॅकअप/साइट/*

एकाच फेरीत डीयू प्रत्येक हार्ड लिंक एकदाच मोजतं. नावं वर्ष-महिना-दिवस अशी असतील तर सर्वात जुनं फोल्डर आधी येतं, पूर्ण वजन त्याच्या नावावर पडतं, आणि पुढच्या प्रत्येक ओळीत त्या रात्री नव्याने काय आलं तेवढंच दिसतं. माझ्यासमोर एकदा हे आलं होतं:

०२ तारीख: ४१ जीबी
(मधल्या ओळी साधारण ६००–७०० एमबी)
१३ तारीख: ६५० एमबी
१४ तारीख: ७१० एमबी
१५ तारीख: ३९ जीबी

एवढ्यावरून अर्धं निदान होतं. चौदा तारखेपर्यंत सगळं सुरळीत, पंधराला जवळजवळ अख्खी साइट पुन्हा नव्याने उतरली. याला मी पायरी म्हणतो. ६५० एमबी, ८०० एमबी, १.१ जीबी, १.७ जीबी असे आकडे वाढत गेलेले दिसले तर तो चढ. आणि रोजचा आकडा तसाच, पण ठरलेल्या चौदाऐवजी सदतीस फोल्डरं उभी असतील तर ती नुसती गर्दी आहे, जावक थांबलीय. तिन्हींची कारणं वेगळी असतात.

बोर्ग (रेस्टिकसारखंच, फाइलींचे तुकडे करून साठवणारं बॅकअपचं साधन) वापरत असाल तर बॅकअप घेतानाच --स्टॅट्स लावून त्याचं उत्तर लॉगमध्ये ठेवा. नंतर एखाद्या संग्रहाचा (एका वेळच्या बॅकअपचा) ‘डीडुप्लिकेटेड’ आकार विचारला तर तो फक्त त्या एकट्या संग्रहात असलेल्या तुकड्यांचा असतो. जो तुकडा दोन संग्रहांत आहे तो कुणाच्याच नावावर दिसत नाही, आणि बेरीज काही केल्या जुळत नाही. रेस्टिकमध्ये ‘रेस्टिक डिफ’ला दोन स्नॅपशॉटचे (तिथल्या दोन बॅकअपचे) क्रमांक दिले की काय वाढलं, काय गेलं हे सरळ कळतं.

पायरी दिसली तर

पायरीच्या आधीचं आणि नंतरचं फोल्डर समोरासमोर ठेवा. आरसिंकच तुलना करून देतो, काहीही न हलवता:

आरसिंक -एनएआय /बॅकअप/साइट/१५/ /बॅकअप/साइट/१४/

यातला एन म्हणजे नुसती रंगीत तालीम, आणि आय म्हणजे प्रत्येक फाइलीपुढे कशामुळे ती वेगळी ठरली त्याची अक्षरं. एस असेल तर आकार बदलला, टी असेल तर बदलाची वेळ, पी म्हणजे परवानग्या, ओ म्हणजे मालक, जी म्हणजे गट. हे उत्तर नीट वाचा.

वरच्या उदाहरणात पानंच्या पानं भरून फक्त ओ आणि जी होते. आकार तोच, वेळ तीच, मजकूर तोच. आदल्या दुपारी कुणीतरी (कुणीतरी म्हणजे मीच) अपलोड होत नाही म्हणून पूर्ण साइटवर मालक बदलणारा ‘सीएचओडब्ल्यूएन -आर’ (हा आर मोठा) मारला होता. हार्ड लिंकमध्ये मालक, परवानग्या आणि वेळ या गोष्टी फाइलीच्या एकाच नोंदीत राहतात. एका नोंदीला दोन मालक असू शकत नाहीत. म्हणून --लिंक-डेस्टला मालकात जरी फरक दिसला तरी तो लिंक न करता नवी प्रत बनवतो. ४० जीबीच्या साइटची किंमत एका ओळीच्या कमांडने वसूल झाली होती.

टी सगळीकडे असेल तर साइट कशी चढवली जाते ते बघा. गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) नव्याने क्लोन करून, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून, साइट उभी केली की प्रत्येक फाइलीला क्लोनची वेळ लागते. मजकुरात एका अक्षराचा फरक नसला तरी आरसिंक आकार आणि वेळ यांवरूनच ठरवत असल्याने सगळं नवं समजतो. रोज असं चढवणारी साइट असेल तर रोज पायरी दिसेल. तिथे जुन्याच फोल्डरात पुल करणं (फक्त बदल ओढून घेणं), किंवा अपलोड केलेल्या फाइलींचं फोल्डर कोडपासून वेगळं ठेवणं हा इलाज.

तुलनेत काहीच फरक दिसला नाही आणि तरी ३९ जीबी गेले, तर लिंकच लागलेली नाही. एखादी फाइल पकडून ‘एलएस -एलआय’ने दोन्ही फोल्डरांतला आयनोड क्रमांक बघा. क्रमांक वेगळे म्हणजे दोन स्वतंत्र प्रती. कारण बहुधा साधं असतं. --लिंक-डेस्टला दिलेला पत्ता चुकला, किंवा आदल्या रात्रीचा बॅकअप फसल्याने ते फोल्डरच नव्हतं. अशा वेळी आरसिंक लॉगमध्ये एक ओळ कुरकुरतो आणि पूर्ण प्रत घेऊन मोकळा होतो. पत्ता सापेक्ष दिला असेल तर तो जिथे प्रत जाते त्या फोल्डरापासून मोजला जातो, तुम्ही कमांड जिथून चालवली तिथून नाही. इथे हमखास घोळ होतो. शक्यतो पूर्ण पत्ताच द्या.

मालक किंवा वेळ बदलल्यामुळे आलेल्या पायरीवर उपाय काय? डिस्कवर जागा असेल तर काहीच नाही. पंधरा तारखेची प्रत आता नवा पाया झाली. चौदा दिवसांनी त्याआधीची सगळी फोल्डरं निघून गेली की जुन्या पायाचे ४१ जीबी आपोआप सुटतील. जागा नसेल तरच जुनी फोल्डरं लवकर काढा, आणि काढताना घाबरू नका. हार्ड लिंक असलेलं एक फोल्डर उडवल्याने बाकीच्या फोल्डरांतल्या फाइल जात नाहीत. याउलट बॅकअपमधली एखादी फाइल जागच्या जागी संपादित कराल तर ती लिंक असलेल्या सगळ्या रात्रींत एकदम बदलते. बॅकअपच्या फोल्डरात एडिटर उघडू नये तो यासाठी.

चढ दिसला तर

चढ म्हटलं की फोटो वाढले असतील असं वाटतं. वाढलेले असतात, पण फोटो एकदाच येतो आणि मग लिंकने राहतो. रोज जागा खातात त्या रोज बदलणाऱ्या मोठ्या फाइल. त्यांत पहिला नंबर डेटाबेसच्या डंपचा.

डंप ही एकच अखंड फाइल. आत एक ओळ बदलली तरी लिंक तुटते आणि पूर्ण फाइल पुन्हा साठते. मायएसक्यूएल डेटाबेसचा डंप काढणारा मायएसक्यूएलडंप तर शेवटी डंप पूर्ण झाल्याची तारीख लिहितो, त्यामुळे डेटाबेसला कुणी हात लावला नसला तरी फाइल नवीच. ६ जीबीचा डंप तीस रात्री ठेवला की १८० जीबी झाले, मग बाकीची साइट कितीही काटकसरीने साठवा. बोर्ग किंवा रेस्टिक फाइलीचे तुकडे पाडून सारखे तुकडे एकदाच साठवतात, म्हणून तिथे डंप स्वस्त पडायला हवा. पण तो आधी जीझिप करून (दाबून लहान करून) दिलात तर मधला एक बदल पुढचा सगळा दाबलेला मजकूर बदलून टाकतो आणि सारखे तुकडे उरतच नाहीत. डंप आधी एन्क्रिप्ट केलात तरी तेच. तिथे डंप कच्चाच द्या, दाबण्याचं काम त्यांच्यावर सोपवा. जीझिप टाळता येत नसेल तर त्याचा --आरसिंकेबल पर्याय वापरा. फाइल किंचित मोठी होते पण बदल आसपासच्या मजकुरापुरता राहतो.

डंप वाढतोच का आहे हे बघायला इन्फर्मेशन-स्कीमामधून (डेटाबेसच्या स्वतःविषयीच्या नोंदींतून) टेबलांचे आकार काढा, डेटा आणि इंडेक्सची बेरीज, मोठ्याकडून लहानाकडे. वर्डप्रेस असेल तर ऑप्शन्स टेबलात साचलेले ट्रान्झियंट (तात्पुरत्या नोंदी), पोस्टच्या आवृत्त्या आणि प्लगइनांची नोंदवही असलेली टेबलं वर येतात. डंपऐवजी डेटाबेसचं फोल्डरच उचलत असाल तर बायनरी लॉगही (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) सोबत येतात. मायएसक्यूएल ८.०मध्ये ते मुळातच चालू असतात आणि ठरवून दिलं नसेल तर ३० दिवस राहतात.

दुसरा नंबर लॉगचा, आणि इथे एक गंमत आहे. जुने लॉग बाजूला सारणारा लॉगरोटेट नेहमीच्या पद्धतीत फाइलींना क्रमांक देतो. उद्या १ची २ होते, २ची ३, ३ची ४. मजकूर जुनाच, पण प्रत्येक नावाखाली आदल्या रात्रीपेक्षा वेगळी फाइल. --लिंक-डेस्ट नावावरून जोडी लावतो, त्यामुळे दाबून ठेवलेले सगळे जुने लॉग रोज नव्याने साठतात. लॉगरोटेटच्या मांडणीत ‘डेटएक्स्ट’ लिहिलं की नावात क्रमांकाऐवजी तारीख येते आणि नाव कायम राहतं. एका शब्दाचा बदल, पण लॉग मोठे असतील तर रोजचे कित्येक जीबी वाचतात. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं साधन) असेल तर त्याच्या कंटेनरांचे जेसन लॉग बघाच. मर्यादा घातली नसेल तर ते मुळात फिरवलेच जात नाहीत, वाढतच जातात.

तिसरा प्रकार बॅकअपच्या बॅकअपचा. साइटमधलं एखादं प्लगइन वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कन्टेन्ट फोल्डरच्या आत स्वतःच्या झिप बनवून ठेवतं, आणि रात्री सर्व्हरचा बॅकअप त्या झिपही उचलतो. प्लगइनने सात ठेवल्या, सर्व्हरने चौदा रात्री ठेवल्या, आणि प्रत्येक झिपमध्ये अख्खी साइट. शोधायला सोपं आहे:

फाइंड /साइट -टाइप एफ -साइझ +५००एम (हा एम मोठा)

जे सापडेल ते वगळण्याच्या यादीत टाका. त्याच यादीत कॅश, सेशन, नोड-मॉड्यूल्स (जावास्क्रिप्टची उतरवलेली पॅकेजेस) हेही जायला हवेत. शंका असेल तेव्हा स्वतःला विचारायचं की हे पुन्हा बनवता येतं का. येत असेल तर साठवू नका.

जावक थांबली असेल तर

इथे बहुतेक दोष स्क्रिप्टचा असतो. बॅकअप आधी, सफाई शेवटी अशी रचना, आणि वर ‘सेट -ई’. मधली एक कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच मरते आणि सफाईपर्यंत पोचतच नाही. किंवा कुणीतरी डंप जीझेडऐवजी झेडएसटीमध्ये दाबायला लागलं, आणि सफाईची ओळ अजून जीझेड शेपटीच्या फाइलच शोधतेय. त्या कधीच्या संपल्या. नव्यांना हात लावणारं कुणी नाही. फसलेल्या रात्रींची अर्धवट फोल्डरं आणि तात्पुरत्या फाइलही अशाच पडून राहतात.

सफाईत जुन्या फाइल शोधायला वापरतात त्या फाइंडच्या ‘-एमटाइम +७’चा अर्थही नीट समजून घ्या. तो पूर्ण चोवीस तासांचे तुकडे मोजतो आणि सातपेक्षा जास्त मागतो, म्हणजे फाइल किमान आठ दिवस जुनी हवी. हे किरकोळ झालं. खरा धोका वेगळा आहे. आरसिंक -ए वापरून तारखेचं फोल्डर बनतं तेव्हा त्याला मूळ साइटच्या फोल्डरची वेळ लागते. बॅकअप कधी घेतला याच्याशी त्या वेळेचा संबंध नसतो. साइटच्या वरच्या फोल्डरात आज काही नवीन बनलं असेल तर बॅकअपचं फोल्डरही आजचं दिसतं, आणि पुढे कैक दिवस ‘जुनं’ ठरत नाही. उलट, ते फोल्डर दोन महिने शांत असेल तर काल रात्री घेतलेला बॅकअप दोन महिन्यांचा म्हातारा दिसतो आणि सफाईत पहिला उडतो. म्हणून तारखेच्या फोल्डरांची सफाई नेहमी नावावरून करा, वेळेवरून कधीच नाही.

बोर्गमध्ये १.२ आवृत्तीपासून नुसतं प्रून केल्यावर (जुने संग्रह काढल्यावर) जागा सुटत नाही. त्यानंतर ‘बोर्ग कॉम्पॅक्ट’ चालवावं लागतं. जुन्या आवृत्तीवरून वर आलेल्या स्क्रिप्टांत ही ओळ नसते. रेस्टिकचंही तसंच: ‘फरगेट’ फक्त स्नॅपशॉटची नोंद काढतो, जागेसाठी सोबत --प्रून हवं. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) घेतले जात असतील तर उडवलेल्या फाइलीही त्या स्नॅपशॉटच्या मुठीत राहतात. ॲमेझॉनच्या एस३सारख्या ऑनलाइन साठ्यावर व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या राखणं) चालू असेल तर उडवलेली प्रत फक्त आड जाते, बिल चालूच. अर्धवट राहिलेली मल्टिपार्ट (तुकड्यांत पाठवलेली) अपलोडही यादीत दिसत नाहीत पण जागा धरतात. दोन्हींसाठी लाइफसायकल नियम (जुनं आपोआप काढणारा) लावावा लागतो.

मजकूरच बदलला असेल तर

एक शक्यता मुद्दाम वेगळी ठेवलीय. पायरीच्या तुलनेत आकार आणि वेळ दोन्ही हजारो फाइलींवर बदललेले दिसले, आणि त्या दिवशी कुणी काही केलं नव्हतं, तर हे जागेचं प्रकरण राहत नाही. फाइल एन्क्रिप्ट झाल्या असतील, प्रत्येक पीएचपी फाइलीत काही घुसडलं गेलं असेल, किंवा अपलोडच्या फोल्डरात परक्यांचा माल साठवला जात असेल. अपलोडच्या फोल्डरात पीएचपी फाइल शोधा. तिथे ती सहसा नसायलाच हवी. तीन-चार बदललेल्या फाइल जुन्या प्रतीशी डिफ करून बघा. संशय खरा वाटला तर सफाईचा क्रॉन आधी बंद करा, कारण चौदा दिवसांनी तीच सफाई शेवटची चांगली प्रत घेऊन जाईल.

पुढच्या वेळी

रोज रात्री बॅकअप संपला की स्क्रिप्टने एका साध्या मजकूर फाइलीत एक ओळ लिहावी: तारीख, नव्याने आलेले बाइट, एकूण वापर, शिल्लक फोल्डरं. पहिला आकडा वरच्याच डीयू कमांडच्या शेवटच्या ओळीत मिळतो. मग आजचा आकडा मागच्या सात रात्रींच्या सरासरीच्या तिप्पट निघाला तर मेल पाठवायचा आणि त्या रात्रीची सफाई वगळायची. डिस्क ९० टक्के भरल्याचा इशारा येतो तेव्हा घटना घडून गेलेली असते. हा इशारा पायरी पडली त्याच पहाटे येतो, आणि आदल्या दुपारी सर्व्हरवर कोणती कमांड मारली होती हे तोवर आठवत असतं.